औषध दोघांनी घ्यायचे



कापसाच्या भावाच्या सभेत बायकांच्या दुखण्याचा विषय कशाला, अशी मागे कुजबुज चालली आहे. चालू द्या. आम्ही शेतकी पदवीची माणसे. वीस वर्षे नांदेड-लातूरच्या शिवारात बोंडअळी दाखवत हिंडलो. पण वेचणी करता करता बाई कमरेला हात लावून मध्येच का बसते, हे आम्ही कधी विचारले नाही.

विचारले ते गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे छापून आले. शंभरातल्या 92 जणींना जननमार्गाचे काही ना काही दुखणे होते. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8.

आपल्याकडेही बाई म्हणते, पांढरे जाते, उष्णता झाली असेल. थोडे पाणी निरोगी बाईलाही जाते. पण घाण वास, खाज, ओटीपोटात दुखणे, लघवीला आग, जागेवर जखम, हे अंगावर काढू नये. यातली काही दुखणी संबंधातून येतात. नवऱ्याला काहीच त्रास नसतो, तरी ती त्याच्याकडून आलेली असू शकतात.

खरी चूक पुढे होते. बाई एकटी गोळ्या खाते, बरी होते, महिन्याने दुखणे परत. आपण फवारले आणि शेजारच्या रानाने फवारले नाही, तर अळी कुठून येते? दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचे, पुरते घ्यायचे, ते संपेपर्यंत दूर राहायचे, निदान निरोध वापरायचा. गोळ्या अर्ध्यात सोडणे म्हणजे कमी मात्रेची फवारणी. 1987 साली आंध्रातल्या कापसात पायरेथ्रॉइड फवारून अळी मरेना. परम्याच्या जंतूंनीही एकेक औषध असेच पचवले.

अशा जखमेतून, सुजेतून एचआयव्ही लवकर शिरतो. मुखेड-कंधारहून माणसे ऊसतोडीला, पुण्या-हैदराबादला जातात, महिनोन् महिने घर सुटते. त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही, तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. औषधेही 2004 पासून फुकट आहेत. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मिळतात. रोज घेतली, विषाणू दबून राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. गरोदर बाईची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या. आईला वेळेत औषध मिळाले तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली येते. नाव फोडायला, कामावरून काढायला 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. गावात मात्र अजून पाणवठ्यावर नाव फुटते.

एका बहिणीची चिठ्ठी आली आहे : नवरा दवाखान्यात येत नाही, काय करू? बाई, समुपदेशकाला सांगा, ते जोडीदाराला बोलावतात. 1097 ला फोन फुकट लागतो. आणि मागच्या रांगेतल्या भावांनो, चिठ्ठीवर नाव नाही. आज घरी गेल्यावर एकदा विचारून पाहा.

आता कापसाकडे वळू.