शाळेचा प्रमुख घडवावा लागतो

(पिंपळी येथील विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण)





गुणगौरवाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांचे कौतुक होते, आई-वडिलांचे होते, शिक्षकांचेही होते. पण शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर जी व्यक्ती बसते, ती त्या खुर्चीसाठी कशी तयार होते, याचा विचार आपण करीत नाही. आज त्याविषयी बोलायचे आम्ही ठरवले आहे.

सकाळी आपल्या रस्त्यावर उभे राहिले की मुलांनी भरलेल्या पिवळ्या गाड्या बारामतीकडे जाताना दिसतात. एके काळी आपल्या वस्तीतील मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाई. आज आपलीही मुले विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत जातात. काही फी भरून, तर काही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांवर. या शाळांत मुख्याध्यापकाचा शब्द मोठा असतो. चांगला असला तर मूल तरते, नसला तर अडते.

आम्हाला आलेला एक अनुभव सांगतो. मोलमजुरी करणाऱ्या एका बापाची मुलगी सहावीत होती. फी थकली. बापाने तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचे ठरवले, पण आधीच्या शाळेने फी भरल्याशिवाय दाखला देणार नाही, असे सांगितले. दोन महिने मुलगी घरी बसली. शेवटी आम्ही चौघे जण त्या मुख्याध्यापकांना भेटलो. गृहस्थ वाईट नव्हते. संस्थेचा नियम आहे, आपण काय करणार, एवढेच ते म्हणत होते. आम्ही कायद्याचे पाचवे कलम त्यांच्यापुढे ठेवले. मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, असे ते कलम सांगते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही." दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला.

बंधू-भगिनींनो, दोष एकट्या त्यांचा नव्हता. ते कलम आम्हालाही दोन महिन्यांनी सापडले. पण वीस वर्षे गणित उत्तम शिकवलेल्या माणसाला एके दिवशी खुर्चीवर बसवले आणि त्या खुर्चीचे काम मात्र कोणी शिकवले नाही, त्याची किंमत एका मुलीने मोजली.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. माध्यमिक शाळेचा प्रमुख पदवीधर आणि शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला असावा, त्याला किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असावा आणि पात्र शिक्षकांतील ज्येष्ठाला ते पद मिळावे, असे त्या नियमावलीत घातले गेले. ज्येष्ठतेचे हे तत्त्व आपल्याला मोलाचे आहे. ते नसते तर कितीतरी शाळांत संस्थाचालकांचे सोयरेच खुर्चीवर दिसले असते आणि आपले शिक्षक कायम मागच्या बाकावर राहिले असते. तेव्हा ज्येष्ठता हवीच. पण तेवढी पुरेशी आहे का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला विनयपिटकातील महावग्गात सापडते. एका भिक्खूने स्वतःला दीक्षा मिळून फार काळ झाला नसताना दुसऱ्याला दीक्षा दिली. तेव्हा भगवंतांनी नियम केला की किमान दहा वर्षे पूर्ण झालेल्या भिक्खूनेच दीक्षा द्यावी. पुढे असे झाले की आपली दहा वर्षे झाली, या बळावर अजाण भिक्खूही दीक्षा देऊ लागले. तेव्हा भगवंतांनी त्या नियमात भर घातली. दहा वर्षे तर हवीतच, शिवाय तो भिक्खू जाणता आणि समर्थही हवा. उपाध्यायाने शिष्याला पुत्राप्रमाणे मानावे, तो आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी, अशी कर्तव्येही सांगितली आहेत. वर्षे मोजून अधिकार येतो, जाणतेपण आपोआप येत नाही, हे संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

आपल्याकडील थोर शिक्षणकर्त्यांनीही हेच केले. सावित्रीबाई आधी स्वतः शिकल्या, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि मग शाळेची धुरा सांभाळली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारे विद्यालय उभे केले. खेड्यात शाळा काढायच्या तर आधी माणसे तयार हवीत, हे त्यांनी जाणले होते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा राजा होता, पण तो भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारीत बसला आणि पटल्यावर नम्र झाला. खुर्चीवर बसूनही प्रश्न विचारणारा माणूस, हाच शाळाप्रमुखाचा आदर्श होय.

मग मुख्याध्यापकाने शिकायचे काय? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, वर्गात मागच्या बाकावर बसून शिक्षकाचे शिकवणे पाहणे आणि त्याचा अपमान न करता सुधारणा सांगणे. दुसरी, कायदा आणि हिशेब. शिक्षण हक्क कायदा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सेवापुस्तके, पगारपत्रके. तिसरी, माणसे सांभाळणे. विशेषतः संस्थाचालकाला योग्य वेळी आदराने "नाही" म्हणणे. चौथी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, म्हणजे पंचवीस टक्क्यांतून आलेले मूल वर्गात वेगळे पडते का, सहलीतून किंवा स्नेहसंमेलनातून गळते का, त्याची जात काढून कोणी टोचते का, हे डोळ्यांत तेल घालून पाहणे.

हे शिकण्याच्या सोयी झालेल्या आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शालेय व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम चालवला. दिल्लीत २०१२ साली शाळा नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राचार्य-मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या शिक्षणासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली. इंग्लंडमध्ये तर १९९७ पासून मुख्याध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी स्वतंत्र पात्रता अभ्यासक्रम आहे. पण पुष्कळदा प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावर सही, चहा, एक फाईल आणि संध्याकाळी घर, असेच होते. लहान खासगी शाळेच्या प्रमुखाला तर तेवढीही सुट्टी मिळत नाही, कारण तोच तास घेतो, तोच फी गोळा करतो आणि तोच गाडीवाल्याशी भांडतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, आपले जे सभासद संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत त्यांनी मुख्याध्यापकाला शिकण्यासाठी पगारी रजा द्यावी आणि त्या खर्चाला उधळपट्टी म्हणू नये. दोन, बारामती-इंदापूर परिसरातील पाच-सहा शाळांच्या प्रमुखांना आपण महिन्यातून एकदा विहारात बोलवावे. भाषणे नकोत, प्रत्येकाने आपली एक अडचण मांडावी, बाकीच्यांनी आपला अनुभव सांगावा आणि पुढच्या महिन्यात एकमेकांची शाळा पाहावी. याला चहाशिवाय दुसरा खर्च नाही. तीन, प्रत्येक पालकाने शाळेत गेल्यावर मुलाचे गुण विचारावेत, तसेच हात जोडून हेही विचारावे की सर, बाई, या वर्षी आपण नवीन काय शिकलात?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक व्हाल, काही जण त्या खुर्चीपर्यंत पोहोचाल. तेव्हा दोन महिने दाखल्यावाचून घरी बसलेली ती मुलगी आठवा. ती आज पुन्हा शाळेत जाते आहे. पण सहावीचे ते दोन महिने तिला कोणी परत देऊ शकत नाही.

आपल्या गावाच्या नावात पिंपळ ऐकू येतो. त्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतम बसले ते जाणून घेण्यासाठी. शिकवायला ते नंतर उठले. आधी शिकणे, मग शिकवणे, हा क्रम आपण सर्वांनी पाळावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!