वायफायच्या यादीत तुमचं नाव

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. कमांड एकच आहे, आणि ती दिली की तुमचं नाव दिसतं.

हॉस्टेलचं वायफाय जोडलं की लॉगिनचं पान येतं. युजरनेम-पासवर्ड टाकला, नेट सुरू, विषय संपला. पण त्याच क्षणी राऊटरमध्ये तुमच्या नावाची एक ओळ तयार होते. मी एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे या ओळी मला रोज दिसतात.

आमच्याकडे मायक्रोटिकचा राऊटर आहे. काळ्या स्क्रीनवर टाइप करायचं, 'आयपी हॉटस्पॉट अ‍ॅक्टिव्ह प्रिंट', आणि एंटर. आत्ता लॉगिन असलेल्या सगळ्यांची यादी समोर येते. युजरचं नाव, आयपी अ‍ॅड्रेस, लॉगिन होऊन किती वेळ झाला. पुढे 'डिटेल' जोडलं तर फोनचा मॅक अ‍ॅड्रेसही. सिस्कोच्या स्विचवर हेच काम 'शो ऑथेंटिकेशन सेशन्स' करते. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक आहे, ओळख कोणत्या पद्धतीनं तपासली आणि ती पटली का, हे तिथे कळतं.

आता तुमचा प्रश्न मला माहितीये. "दादा, आमचे चॅट पण दिसतात का?" नाही. या यादीत ना चॅट, ना फोटो, ना तुम्ही काय बघताय ते. आणि ही यादी फक्त आत्ताची असते. काल रात्री कोण होतं, हे बघायला सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी काढाव्या लागतात.

पण खरी गोम पुढे आहे. यादीत माणूस दिसत नाही, लॉगिन दिसतं. पासवर्ड कुणीही टाकला तरी ओळीत नाव तुमचंच.

आमच्याकडे एका मुलाला वॉर्डननं बोलावलं. त्याच्या नावावर रात्रभर प्रचंड डाउनलोड चाललं होतं, सगळ्या मजल्याचं नेट रडत होतं. हा म्हणतो, "सर, मी तर झोपलो होतो." कोण विश्वास ठेवणार? तो माझ्यासमोर बसला असताना, त्याच्या फोनचं वायफाय बंद ठेवून मी कमांड दिली. त्याचं नाव यादीत होतंच, लॉगिन होऊन नऊ तास झालेले! मग त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये आमच्या वायफायसाठीचा मॅक बघितला. यादीतला वेगळाच होता.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवू शकतो. त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. म्हणजे मॅक जुळला नाही एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण बंद वायफायचा फोन हातात आणि सेशन चालू, याला मात्र उत्तर नव्हतं. वॉर्डननाही ते पटलं.

मग आधी पासवर्ड बदलला, राऊटरनं लक्षात ठेवलेलं लॉगिन पुसलं आणि शेवटी 'रिमूव्ह' देऊन ते सेशन तोडलं. ते परत काही आलं नाही. पासवर्ड किती जणांना दिला होता, विचारलं. तो म्हणाला, "तिघांना." त्यातला कोण, हे राऊटर सांगू शकत नव्हता. ते त्याचं त्यालाच शोधायचं होतं.

तर मंडळी, वायफायचा पासवर्ड देणं म्हणजे चार्जर देणं नाही. कोऱ्या कागदावर सही देणं आहे. मित्राला नेट हवंय? त्याच्या नावानं लॉगिन मागून घ्या. दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन केलंत, तर उठण्याआधी लॉगआउट करा. आणि आपल्या नावावर काही विचित्र चाललंय अशी शंका आली, तर नेटवर्क बघणाऱ्याकडे लगेच जा. सेशन चालू असतानाच ते या यादीत सापडतं.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!