टोपलीतील मुशी
(रेडिओवरील भाषण)



समुद्राची गाज ज्यांच्या कानी सहसा पडत नाही अशा करवीरकरांपुढे शार्क माशाविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्राण्याविषयी आज मला सांगावयाचे आहे, त्याची आणि घाटमाथ्यावरील माणसाची ओळख दोन वाटांनी, आणि बरीच जुनी, झालेली आहे. पहिली वाट मासळीबाजाराची. मालवण-रत्नागिरीकडून फोंडा, गगनबावडा आणि आंबा या घाटांनी बर्फात येणाऱ्या मासळीत राखी पाठीची, पांढऱ्या पोटाची, हातभर लांबीची मुशी असते. मालवणाकडे तिला मोरी म्हणतात. सांगाडा निव्वळ कूर्चेचा असल्यामुळे तिच्या मांसात बारीक काटे नसतात, आणि म्हणून एरवी मासा म्हटला की बिचकणारा देशावरचा मनुष्य मटणासारखे वाटण लावून शिजविलेली मोरी निर्धास्तपणे खातो. दुसरी वाट महाविद्यालयाची. १९२८ साली ई. एम. थिलयंपालम या विदुषींचा 'स्कोलिओडॉन' या वंशावरील ग्रंथ लखनौ येथे प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदनास आवर घालीपर्यंत, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हीच मुशी फॉर्मॅलिनच्या बरणीतून काढून मेणाच्या तबकात उघडून पाहिली. तिच्या मस्तकातील मज्जातंतूंची नावे घोकताना घाम फुटलेले सद्गृहस्थ आजही आपल्या गावात पुष्कळ सापडतील.

तथापि त्या तबकात जे सहसा दाखविले जात नसे, ते या प्राण्याचे मातृत्व, हेच तिचे सर्वांत आश्चर्यकारक लक्षण होय. बांगडा किंवा सुरमई हजारो-लाखो अंडी पाण्यात सोडून मोकळी होते आणि त्यांतील बहुतेकांचा नाश गृहीतच धरते. मुशीची रीत याच्या अगदी उलट. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे ज्ञात शार्क जातींमध्ये सर्वांत लहान असते, आणि त्यात गर्भाला पुरेल इतका बलक मुळी नसतोच. त्यामुळे गर्भ काही मिलिमीटर लांबीचा असतानाच मातेच्या गर्भाशयाशी नाळेने जोडला जातो आणि पुढील पाच-सहा महिने, सस्तन प्राण्यांच्या गर्भाप्रमाणे, मातेच्या देहावर पोसला जातो. एका खेपेस साधारणतः सहा ते अठरा पिले होतात. जन्मतः ती वीतभरही नसतात, परंतु जन्मल्या क्षणापासून स्वतंत्रपणे जवळा व कोळंबी टिपू लागतात. वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच, लांबी फुटा-सव्वा फुटाची झाली की, मुशी स्वतः माता होण्यास समर्थ होते. पूर्ण वाढलेली मादीही पाऊण मीटरच्या आतच राहते, आणि तिचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे.

ही जी घाई तिच्या जीवनात आहे, ती शार्ककुलात दुर्मिळ आहे. उत्तर अटलांटिकमधील स्परडॉग नावाची छोटी शार्क पाहा. तिचा गर्भकाल जवळजवळ दोन वर्षांचा, आणि मादी वयात येण्यास दहा वर्षांहूनही अधिक काळ जातो. इंग्लंडातील तळलेल्या माशांच्या दुकानांतून ती 'रॉक सामन' अशा भलत्याच नावाने खपत गेली आणि अखेर इतकी विरळ झाली की २०११ पासून युरोपीय संघाने तिचा कोटा शून्यावर आणला. पुन्हा मासेमारीची मुभा मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. याउलट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गमी शार्क लवकर वयात येते, आणि तेथील अधिकाऱ्यांनी तिच्याकरिता जाळ्याच्या आसाचे माप असे ठरविले की मध्यम वयाचे मासे अडकावेत आणि थोराड माता, त्यांचे डोके त्या आसात शिरतच नसल्यामुळे, सुटून जाव्यात. या तजविजीने ती मासेमारी टिकली. मात्र त्याच पाण्यातील, त्याच जाळ्यांत सापडणारी, परंतु सावकाश वाढणारी स्कूल शार्क खचली. आकाराने फारसा फरक नसलेल्या दोन माशांना एकच कायदा लावला असता एक तरतो आणि दुसरा बुडतो, हा धडा आपल्या कोकणपट्टीला अगदी तंतोतंत लागू पडतो.

आपल्याकडे कायद्यांची वाण आहे असे नाही. १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलरला मज्जाव करणारे हुकूम त्याखाली निघालेले आहेत. १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी बंदी आहे. २००१ साली देवमुशी, गंगेतील शार्क व करवती मासे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, २०१३ साली शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकण्याच्या अमानुष चालीस बंदी झाली, आणि २०१५ साली परांची निर्यातच थांबविण्यात आली. पुढे पनामा येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारासंबंधी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मुशी ज्या कुलात मोडते ते सबंध कुलच व्यापार-नियंत्रणाच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले. मात्र या साऱ्या दफ्तरी उलाढालीचा रोख मुख्यतः परांच्या परदेशी व्यापाराकडे आहे, आणि आपल्या बिचाऱ्या मुशीच्या इवल्याशा परांना त्या बाजारात फारशी किंमत नाही. तिला खाणारे आपणच. आणि फोंडा घाट चढणाऱ्या टोपलीपाशी परवाना मागण्यास कोणी आंतरराष्ट्रीय अंमलदार उभा नसतो.

पावसाळी बंदीचाही तिला मिळणारा लाभ मर्यादितच आहे. दर्याला त्या दोन महिन्यांत विसावा मिळतो, हे खरे. परंतु मुशी वर्षाचे बाराही महिने प्रसवत असते, आणि बंदी उठल्यावर, नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या की, गाभण माद्या जाळ्यात येतच राहतात. अशा मादीला बाहेर काढताच ती अनेकदा अपुऱ्या दिवसांची पिले टाकते. मग तिला परत पाण्यात सोडले तरी त्या पिढीची हानी भरून निघत नाही. म्हणून माझ्या मते मुशीच्या बाबतीत पंचांगातील तारखांपेक्षा जाळ्याच्या आसाचे माप आणि उथळ पाण्यातील मज्जावाचा खरोखरीचा अंमल, याच दोन गोष्टींवर जोर दिला पाहिजे. कारण तिचा वावर मुख्यत्वे किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात असतो, आणि बारीक आसाची जाळीही नेमकी तेथेच ओढली जातात. सरसकट बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. लवकर वयात येणारा आणि गरिबाच्या ताटात पडणारा हा मासा बेताने धरला तर धरता येण्यासारखा आहे; शिवाय बाळंतिणीला दूध यावे म्हणून तिला मोरीची आमटी देणाऱ्या कोकणातील घरांना कोणत्या कलमाखाली दोषी ठरवावयाचे?

खरी अडचण निराळीच आहे. टोपलीत मुशी म्हणून जे विकले जाते, ते सारेच मुशी नसते. जिला कानमुशी म्हणतात ती हातोड्यासारख्या डोक्याची शार्क मोठी झाली म्हणजे दोन-तीन मीटरांची होते आणि तिच्या मादीला माता होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. परंतु तिचे नुकते जन्मलेले पिलू अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे नेमके प्रौढ मुशीएवढे असते. काळ्या टोकाच्या परांच्या शार्कचे पिलूही तसेच. एका बाजूस आयुष्याचा निम्मा भाग जगलेली, दोन-तीन वेळा व्यालेली आई, आणि दुसऱ्या बाजूस आठवड्यापूर्वी जन्मलेले मूल, ही दोन्ही एकाच बर्फावर, एकाच भावाने विकली जातात, आणि बंदरावरील नोंदवहीत दोघांचे वजन पुष्कळदा एकाच रकान्यात पडते. किमान आकाराचा नियम येथे एकट्याने कुचकामी ठरतो, कारण जो आकार मुशीला प्रौढत्वाचा, तोच कानमुशीला शैशवाचा. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांकरिता किमान आकार ठरवून दिले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण शार्कच्या बाबतीत आधी जात ओळखणारा डोळा हवा, मोजपट्टी नंतर.

आणि तो डोळा काही विद्यापीठातच मिळतो असे नव्हे. कानमुशी तर डोक्यावरूनच कळते. मुशीचे तोंड वरून पाहिल्यास फावड्याच्या पात्यासारखे चपटे दिसते, छातीचे पर रुंद व त्रिकोणी असतात, आणि पाठीवरील दुसरा पर अगदी चिमुकला असून शेपटीकडे बराच मागे सरकलेला असतो. याखेरीज एक खूण अशी आहे की जी नाळेवर वाढणाऱ्या प्रत्येक शार्कला निसर्गाने दिलेली आहे. बाजारात मासा उलटा करावा आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध पाहावे. तेथे बेंबीची चीर असते. वाढलेल्या मुशीत ती केव्हाच बुजून गेलेली असते. हातभर लांबीच्या माशाच्या छातीवर ती ताजी, न भरलेली दिसली, तर ते मोठ्या जातीचे तान्हे पिलू आहे असे खुशाल समजावे, आणि ते बाजूला ठेवून विक्रेत्याकडे दुसरा मासा मागावा.