जुना लॅपटॉप आणि जुन्या ध्वनिफिती

हुबळी-धारवाडच्या पुष्कळ घरांत माळ्यावर दोन वस्तू शेजारी शेजारी धूळ खात पडलेल्या असतात. एक, कॅसेटींनी भरलेली पेटी. दुसरी, नवा यंत्रसखा घरी येताच बाजूस सारलेला लॅपटॉप. पहिली टाकून देण्यास मन धजत नाही, दुसरी विकावयास न्यावी तर मोल येत नाही. या दोन अडगळींची परस्परांशी गाठ घालून द्यावी, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. सवाई गंधर्व कुंदगोळचे, मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. अशा मुलखात रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर मांडून गाणे टिपून घेण्याची हौस न लागती तरच नवल! पण त्या पेटीत गाण्याखेरीजही काही असते. आजीने सांगितलेली कहाणी असते, कानडी वळणाच्या मराठीत झालेला लग्नघरचा कोलाहल असतो. गवयाच्या मैफलीची दुसरी प्रत कोठे तरी मिळेल. आजीच्या आवाजाची मिळणार नाही.

आणि हा आवाज दिवसेंदिवस झिजतो आहे. फितीवरील लोहकणांचा थर सुटत जातो, धारवाडच्या लांबलेल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत.

येथे जुना लॅपटॉप उपयोगी पडतो, तो जुना असूनही नव्हे, तर रिकामा आहे म्हणून. साठ मिनिटांची फीत उतरविण्यास साठ मिनिटेच लागतात. त्यात घाई चालत नाही. रोजच्या कामाचा संगणक इतका वेळ अडकवून ठेवणे कोणास परवडेल? विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून कित्येक धडधाकट यंत्रे निकालात निघाली. परंतु ध्वनिमुद्रणास इंटरनेट लागतच नाही. जोडणी तोडून टाकावी, म्हणजे ती चिंताही उरत नाही.

कॅसेट वाजविणाऱ्या यंत्राच्या हेडफोनच्या छिद्रातून तार काढून ती लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या छिद्रात घालावी. आवाज प्रथम अगदी कमी ठेवावा, नाहीतर तो फाटतो. कित्येक लॅपटॉपांना हे छिद्र एकाच वाहिनीचे असते. त्यांना यूएसबीवर चालणारा लहानसा ध्वनिजोड लागतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. एक तासाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे तासाभराच्या शंभर कॅसेटी ६४ गिगाबाइटांत मावतात. जागा वाचविण्यासाठी मूळ प्रतच एमपी३ करून ठेवणे हा शुद्ध कद्रूपणा होय.

बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र सुरूच करू नये. ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. पुष्कळ यंत्रे पुढे नुसत्या विजेवर चालतात. जुन्या हार्ड डिस्कवर मात्र विसंबू नये. उतरविलेले त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर ठेवावे.

आरंभ गाण्यांपासून करण्याचा मोह होतो. तो आवरून आधी घरच्या आवाजांच्या फिती काढाव्यात, आणि बोलणारे कोण हे ओळखणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर प्रत्येक फायलीला त्यांच्याकडूनच नाव घालून घ्यावे.