वनस्पतितेलावर डिझेल वाहन : शक्यता आणि मर्यादा



डिझेलचे इंजिन वनस्पतितेलावर चालते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. वस्तुतः ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०० साली पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले. ते इतके सुरळीत चालले की, इंधन निराळे आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच शोधले, असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नव्हे. आफ्रिकेतील वसाहतींत विपुल पिकणारा भुईमूग इंधनासाठी वापरता यावा, ही फ्रेंच सरकारची कल्पना होती. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि इंजिने त्याच्याच मापाने घडविली गेली. आजची अडचण येथूनच सुरू होते.

ही अडचण तेलाच्या दाटपणाची आहे. ४० अंश सेल्सिअस तापमानाला वनस्पतितेल डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा न उडता जाड थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. इंजेक्टरच्या तोंडाशी काजळी साचते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेले तेल वंगणात उतरून त्याचा डिंकासारखा गोळा होतो. पहिले काही दिवस गाडी उत्तम चालते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. नुकसान उघडकीस येते तेव्हा इंजिन उतरविण्याची वेळ आलेली असते.

यावर दोन उपाय आहेत. एक, वाहन बदलणे. गाडीत दुसरी टाकी बसवून रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या साहाय्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवितात. गाडी डिझेलवर सुरू करावयाची, इंजिन तापल्यावर तेलावर न्यावयाची आणि थांबविण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणून नळ्या धुऊन काढावयाच्या. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांना हे बऱ्याच अंशी मानवते. उच्च दाबाच्या कॉमन रेल इंजिनांवर हा प्रयोग करू नये. दुसरा उपाय तेलच बदलण्याचा. तेलात मिथेनॉल व अल्प प्रमाणात अल्कली मिसळली असता ग्लिसरीन खाली बसते आणि वर पातळ जैवडिझेल उरते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग हौसेने करण्याजोगा नाही, हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे.

वाहनमालकाने आणखी एक बाब पाहावयास हवी. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. गॅरेजमधील कारागिराचा शब्द म्हणजे परिवहन कार्यालयाची परवानगी नव्हे.

आता तेल कोणते? आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. तेव्हा कढईतले चांगले तेल टाकीत ओतण्याचा विचारच नको. तळणात वापरून वाया गेलेले तेल मात्र उपयोगी आहे. ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाण्यासाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. तालुक्याच्या गावातील फरसाणाच्या दुकानांतून असे तेल गोळा होऊन जैवडिझेल निर्मात्याकडे गेले, तर ते पुन्हा कुणाच्या वड्यात जाणार नाही.

मोगली एरंडाविषयी ग्रामपंचायतींनी सावध राहावे. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली त्याच्या मोठ्या लागवडीची शिफारस केली. पण पडीक, कोरडवाहू जमिनीत अपेक्षित उत्पन्न आले नाही. झाड जगते, बी धरत नाही. त्यापेक्षा ओढ्याकाठी आपोआप उगवलेला करंज बरा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर इंजिने चालवून दाखविली, ती प्रामुख्याने एका जागी बसविलेली, वीज निर्माण करणारी. येथेच खरी सोय आहे. विहिरीवरचे संथगती इंजिन एका वेगाने, तासन् तास चालते. त्याला तेल तापवून देणे सोपे आणि दुरुस्तीही गावात होते. एक लिटर तेलासाठी साधारण चार किलो करंजबी लागते. पेंड शेताला खत म्हणून उपयोगी पडते. तेव्हा पंचायतीने प्रथम शिवारातील करंजाची झाडे मोजावीत, एका हंगामाचे बी तोलून पाहावे आणि मगच घाणीचा व इंजिनाचा ठराव सभेपुढे आणावा.