खंबाटकीच्या चढावर



पी.टी.च्या तासाला पोटात दुखतंय असं सांगून वर्गात बसणारी मुलगी तुम्हाला आठवत असेल. ती मीच. त्यामुळे गेल्या डिसेंबरात मी पुण्याहून साताऱ्याला सायकलने आले, हे कळल्यावर आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "टेम्पोत टाकून आणलीस ना?" नाही. चालवत आणली, सुमारे ११० किलोमीटर.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या इन्सुलिनसाठी आणि तपासणीच्या पट्ट्यांसाठी ऑफिसातल्या आम्ही काही जणांनी ही राईड ठरवली. मी फक्त हिशेब ठेवणार होते. पहिल्याच बैठकीत डॉक्टरांनी या आजाराची लक्षणं सांगितली: सारखी तहान, सारखी लघवी, नीट खाऊनही उतरणारं वजन. माझ्यासमोर आपला आठवीचा वर्ग उभा राहिला. माझ्या बाकावर कोण बसायची, हे तुम्हाला सांगायला नको. ती दर तासाला पाणी प्यायला जाऊ का विचारायची आणि आपण हसायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या बाकावर मी एकटीच होते.

त्या दिवशी सायकल चालवणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव लिहिलं.

लिहिणं सोपं होतं. वय ४४ आणि बावीस वर्षं खुर्चीत काढलेली. डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि जूनमध्ये सुरुवात केली. पहिल्या रविवारी चांदणी चौकाचा चढ निम्मासुद्धा झाला नाही. दुसऱ्या आठवड्यात गुडघे दुखायला लागले. सायकलवाल्याने सीट दोन बोटं वर केली. पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला हवा, एवढी साधी गोष्ट! गिअर हलका ठेवायचा आणि पाय भरभर फिरवायचे, हेही त्यानेच शिकवलं. आठवड्यातून चार दिवस, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. रविवारचं अंतर थोडं थोडं वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करायचं. वजन म्हणाल तर तीनच किलो उतरलं, पण ऑफिसचे चार मजले चढताना आता मधे थांबावं लागत नाही.

सप्टेंबरात एकदा नुसत्या चहावर निघाले. खेड शिवापूरच्या पुढे हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याच्या कडेला बसून चिक्की खाल्ली, तेव्हा कुठे बरं वाटलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन घेणाऱ्या मुलांची साखर उतरली की असंच होतं." माझी ती एक सकाळ होती, त्या मुलांना हा हिशेब रोज करावा लागतो. तेव्हापासून खिशात राजगिऱ्याचा लाडू असतो.

राईडच्या दिवशी पहाटे पाचला कात्रजचा जुना घाट चढायला घेतला, शिरवळला पोहे खाल्ले आणि पुढे खंबाटकी. पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा आहे, साताऱ्याकडे जाताना आम्हाला मात्र घाटच चढायचा होता. मी दोनदा उतरले, थोडं चालले, पुन्हा बसले. दुपारी तीनला अजिंक्यतारा दिसला आणि मी रडले, हे कबूल करते.

इन्सुलिनचा शोध टोरंटोत १९२१ साली लागला. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा दिलं गेलं, ते चौदा वर्षांच्या एका मुलाला. आपली मैत्रीण आठवीत होती तेव्हा त्याला सत्तरहून जास्त वर्षं झाली होती. औषध होतं. कुणाच्या वेळेत लक्षात आलं नाही, एवढंच.

आज या सभागृहात शिक्षक आहेत, आईवडील आहेत. एखादं मूल सारखं पाणी मागत असेल, सारखं बाथरूमला जात असेल, तर त्याच दिवशी त्याची साखर तपासून घ्या. बोटातला एक थेंब आणि एक मिनिट, इतकंच लागतं.

आणि सर, बुडवलेले पी.टी.चे तास मी भरून काढतेय. हजेरी लावाल ना?