नोट्स जरूर घ्या, पण एकदा विचारा

(युवा शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी वकील नाही. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे कायद्याबद्दल मोजकंच बोलेन, आधी घडलेलं सांगतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोहल्ल्यातल्या दहा-बारा मुलामुलींचा संध्याकाळचा वर्ग मी मोबाइलवर सुरू केला. फी नव्हती. निम्मी मुलं उर्दू माध्यमातून आलेली. त्यांच्यासाठी नोट्स करताना मी मराठी शब्दाशेजारी उर्दू शब्द लिहायचो: मागणी म्हणजे तलब, पुरवठा म्हणजे रसद, लवचीकता म्हणजे लचक. (मराठीत रसद म्हटली की फौज आठवते, त्यावर वर्गात बरीच गंमत व्हायची.) रात्री घरचे झोपले की दोन-दोन तास हेच काम. आजारी मुलांना मागे पडायला नको म्हणून वर्गाचं रेकॉर्डिंगही ठेवायचो.

एका मुलाने हे सगळं टेलिग्रामच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकलं. महिन्याभरात माझ्याच नोट्स मला विकायला आल्या! पहिलं पान गायब, प्रत्येक पानावर कुठल्यातरी क्लासचा शिक्का. एका आलेखातली चूक मी नंतर सुधारली होती. विकली जात होती ती चुकीची प्रत.

पैशांचं मला फारसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते रेकॉर्डिंगचं. त्यात एक मुलगी म्हणते, "सर, मला यातलं काहीच कळलं नाही." तेवढाच तुकडा कापून, त्यावर हसण्याचे आवाज चिकटवून कोणीतरी फिरवला. तो तिच्या भावाच्या मोबाइलवर पोचला. तिने आधी माइक बंद केला, मग वर्ग.

त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "सर, दिल्लीची झेरॉक्सवाली केस तुम्हीच सांगितली होती ना?" खरं होतं. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला. विद्यार्थी दुकानाच्या बाजूने उभे राहिले. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या कामासाठी केलेल्या प्रती कायद्यात बसतात हे तत्त्व मान्य केलं. मला आनंद झाला होता. मीही झेरॉक्सवरच शिकलोय, महागडी पुस्तकं आमच्या घरात कुठून येणार?

पण त्या प्रती त्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. कोणाचं नाव खोडून त्या जगभर वाटायच्या, विकायच्या, असं त्या निकालात कुठेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापराला मोकळीक आहे. तसंच, मूळ लेखन करणाऱ्याचा हक्क लिहिताक्षणीच तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. एक गोष्ट शिक्षकांनाही ठाऊक नसते: नोकरीचा भाग म्हणून लिहिलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक संस्था ठरू शकते. माझा संध्याकाळचा वर्ग नोकरीबाहेरचा, म्हणून त्या नोट्स माझ्या. आणि त्या मुलीचा प्रश्न? तो ना माझा, ना त्या मुलाचा. तिने तो आम्हा दहा-बारा जणांवर विश्वास ठेवून विचारला होता. आपल्या घरांत याला अमानत म्हणतात.

मी तक्रार केली, लिंक बंद झाली. दुसऱ्या दिवशी तीच फाइल दुसऱ्या ग्रुपवर. पाठलाग करणं मी सोडलं.

मुलगा वाईट नव्हता. त्याच्या मावसभावाच्या गावात क्लासच नाही, म्हणून त्याने फाइल पाठवायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "अरे, मला विचारलं असतंस तर सुधारलेली प्रत दिली असती." नंतर दिलीही. आता प्रत्येक पानावर माझं नाव, तारीख आणि एक ओळ असते: मित्राला द्या, ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी फोन करा. फोन येतात. आजवर मी कोणालाच नाही म्हटलेलं नाही. वर्गाचं रेकॉर्डिंग मात्र बंद केलं. कोणी गैरहजर असेल तर धडा मी एकट्याने बोलून पाठवतो, त्यात फक्त माझा आवाज.

ती मुलगी परत आली नाही. जिन्यात भेटली की सलाम करते. अभ्यासाचं विचारलं की "चाललंय सर" म्हणते आणि पटपट वर निघून जाते.